दहाची पाती

दि. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन नऊ दिवस झाले. उत्तर त्याच दिवशी लिहायला घेतलं होतं, पण दोन मसुदे फाडले. एकात मी तक्रार करतोय असं वाटत होतं आणि दुसऱ्यात सगळं छान चाललंय असं. दोन्ही खरं नव्हतं. म्हणून आता जे आहे तेवढंच लिहितो.

बाबांना अर्धांगाचा झटका येऊन उद्या पाच महिने होतील. पाय सुधारला. बोलणं तर इतकं सुधारलं की चहात साखर कमी पडली की शेजारच्या घरालाही कळतं. उजवा हात मात्र मांडीवर ठेवला की तिथेच राहतो. व्यायाम शिकवायला बाई येतात, त्यांनी परवा मला फाटकापाशी थांबवून सांगितलं की बोटांत ताकद आहे, पण हे बोटं वापरतच नाहीत. आणखी दोन-तीन महिने असेच गेले तर हात बसला तो बसलाच. त्यांनी दाबायला एक रबरी चेंडू दिला होता. बाबांनी तो पहिल्याच दिवशी डाव्या हाताने खिडकीबाहेर फेकला आणि बाईंना विचारलं की हा दाबल्यावर नेमकं काय सुरू होतं. तेव्हापासून तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

गाड्या दुरुस्तीच्या आपल्या शेडकडे ते बघतही नाहीत. खिडकी त्या बाजूला उघडते म्हणून खुर्चीच फिरवून घेतली आहे. रविवारी म्हणाले की तिथली आपली जुनी मोटरसायकल भंगारवाल्याला देऊन टाक, उगाच जागा अडली आहे. तुझी भावजय पटकन म्हणून गेली की बरं होईल, तिथे कपडे वाळत घालता येतील. त्यावर त्यांनी तिच्याकडे असं बघितलं की तिने पुढचे दोन दिवस कपडे घरातच वाळवले.

त्या बघण्यावरून मला वाटलं की अजून काहीतरी शिल्लक आहे. म्हणून मी ठरवलंय की मोटरसायकल ठीकठाक करायची, आणि ती त्यांच्या खिडकीखालीच. माझा हेतू शुद्ध आहे का, हे मी स्वतःला विचारून पाहिलं. थोडं स्वतःला सिद्ध करणंही त्यात आहे. पंधराव्या वर्षी मी शेडमध्ये वही घेऊन टिपणं काढत उभा होतो म्हणून त्यांनी मला बाहेर काढलं होतं, की इथे हात काळे करायचे असतात, कागद नाही. तेव्हापासून मी वहीवाला तो वहीवालाच. आणि पुढे छापखान्यात मुद्रितशोधक झालो, म्हणजे त्यांचं म्हणणं मीच खरं केलं.

तर, सुरू करून पाहिली. सतराव्या किकला लागली, पण दम नाही. आवाज मात्र अगदी मऊ, पूर्वीची टिकटिक नाहीच. इतकी शांत चालते म्हणून मी खूश झालो होतो, मग आठवलं की गप्प इंजिनाचा तुला संशय येतो असं तू एकदा लिहिलं होतंस. म्हणजे व्हॉल्व्हची फट बघावी लागेल ना? माहितीपुस्तिकेत आहे की हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला पाच आणि धूर सोडणाऱ्याला दहा, म्हणजे मिलिमीटरचे शंभरावे भाग. बाबांच्या पत्र्याच्या पेटीत त्यांचं गेज मिळालं, ते चाकूसारखं मिटणारं, वेगवेगळ्या जाडीच्या पात्यांचं. पाच आहे. दहाची पातीच नाही. नऊनंतर एकदम पंधरा. आणखी एक कोडं: चार आणि सहा या दोन पात्या झिजून आरशासारख्या झाल्यात, आकडे जेमतेम वाचता येतात. पुस्तिकेत तर चारचा किंवा सहाचा उल्लेखही नाही. असं काही दिसलं की माझ्या डोळ्यांना स्वस्थता नसते.

बाबांना विचारायची हिंमत नाही. तू सांग. माणूस कधीच हात काळे केलेला नाही, असं धरून सांग.

तुझी माया आहे तशी राहो.

तुझा,
वहीवाला


दि. ११ फेब्रुवारी

चि. वहीवाल्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र गॅरेजमध्येच उघडलं, त्यामुळे कोपऱ्यातला काळा अंगठा माझा, पोस्टमनचा नाही. (तू अंगठाही दुरुस्त करून पाठवशील, नेम नाही.) समोर तीन गाड्या स्टँडवर आहेत आणि एक गिऱ्हाईक दर दहा मिनिटांनी येऊन झालं का विचारतंय, म्हणून सरळ मुद्द्यावर येते.

तुझा संशय बरोबर आहे. व्हॉल्व्ह दर वेळी आपल्या बैठकीवर आपटतो, बैठक झिजते, व्हॉल्व्ह खोल बसतो आणि वरची फट बुजत जाते. फट बुजली की टिकटिक बंद. अडाणी माणसाला वाटतं इंजिन सुधारलं. (अडाणी माणूस कोण ते लिहीत नाही.) खरं तर तेव्हा व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, गरम धूर कडेने निसटतो आणि कड जळत जाते. जरा वाजणाऱ्या टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हला वरून दाबणाऱ्या तुकड्याची, मला काळजी नसते. एकदम गप्प झालेल्याची असते.

आता कृती. इंजिन पूर्ण गार हवं, त्या दिवशी सुरू केलेलं नको. प्लग काढ, म्हणजे इंजिनाची चकती हाताने फिरेल. डावीकडचं मॅग्नेटचं झाकण काढ. आतल्या चकतीवर टी ही खूण आहे, ती बाहेरच्या खाचेसमोर आण. तेव्हा पिस्टन वरच्या टोकाला असतो. (लहानपणी जेवायला हाक मारली की तू एकदा येऊन बसायचास, मग हात धुवायचे राहिले म्हणून उठून जायचास आणि पुन्हा यायचास. पिस्टनही तुझ्याच वळणाचा, वर दोनदा येतो. एका खेपेला दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात, दुसऱ्या खेपेला दोन्ही किंचित उघडे. मिटलेले असतात ती खेप आपली. टॅपेट बोटांनी हलवून बघ, दोन्ही घट्ट लागले तर चकतीचा आणखी एक पूर्ण फेरा.) मग वरची दोन गोल झाकणं काढ. टॅपेटचा लॉकनट सैल कर, फटीत पाती घाल आणि मधला स्क्रू हलके फिरव. पाती ओढताना, जाड पुस्तकात दाबलेला कागद ओढताना लागतो तेवढीच अडली पाहिजे. मग स्क्रू जागेवर धरून नट आवळ, आणि पुन्हा पाती घालून बघ, कारण नट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच.

आता दहाच्या पातीचं. ती पाकिटात आहे, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. ती पेटीत नव्हती कारण मी ती चोरली होती. अकरा वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. सोळा वर्षं त्या शेडमध्ये राबल्यावर मी एकच मागितलं होतं, पाटीवर बाबांच्या नावाखाली माझं नाव. ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत, पाना पुसत राहिले. मी म्हटलं की मग मी माझी पाटी लावते. तरी पानाच पुसत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना पेटी उघडली, अख्खं गेज उचलायचं मनात होतं, पण तेवढा धीर झाला नाही. एक पाती काढली. माझ्याकडे आता चार गेज आहेत, पण धूर सोडणाऱ्या व्हॉल्व्हला हात हिच्याशिवाय बसत नाही. बाबांना ती गेल्याचं कळलेलं नाही, कळलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं. तेव्हा काम झालं की गुपचूप परत पाठव.

भावजयीला सांग, कपडे शेडमध्ये वाळत घालू नकोस, ऑइलचा वास जात नाही. अनुभव आहे.

सगळ्यांनी जपून असा, आणि मला विसरू नका.

तुझी,
ताई


दि. २१ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाच. बातमी वाईट नाही, पण सुरुवात वाईट आहे.

तुझं पत्र मी वहीत उतरवून काढलं. अकरा पायऱ्या, एकेका ओळीवर एक. उतरवताना कंसातला मजकूर सोडून दिला. तुझ्या पत्रातले कंस म्हणजे माझी थट्टा, हे मी इतकी वर्षं धरून चाललोय की ते मी नीट वाचतही नाही, नुसता हसून पुढे जातो. दुसऱ्यांची गळलेली अक्षरं शोधून पोट भरणारा माणूस मी, आणि पिस्टन दोनदा वर येतो हे वाक्यच्या वाक्य गाळलं.

रविवारी सकाळी बाबांच्या खिडकीखाली कामाला बसलो. खूण खाचेसमोर आणली. पाती घालून पाहिली तर शिरेचना, दोन्हीकडे. मला वाटलं, तू म्हणालीस तसंच आहे, फट अगदी बुजली आहे. स्क्रू चांगले दीड-दोन फेरे सैल केले तेव्हा पाती गेली, आणि ती किंचित अडलीही, अगदी पुस्तकातल्या कागदासारखी. सगळं पुन्हा तपासलं. मग झाकणं लावली. खरं सांगतो, त्या घडीला मी मनात पंधरा वर्षांच्या मुलाला परत शेडमध्ये घेऊन आलो होतो.

पाचव्या किकला सुरू झाली आणि असा आवाज आला की जणू कोणी पत्र्याच्या डब्यात खिळे भरून तो जिन्यावरून सोडून दिला आहे. तुझी भावजय धावत बाहेर आली. समोरच्या घरातले आजोबा गॅलरीत आले. मी इतका गांगरलो की बंद कुठून करायची तेच आठवेना. आणि तेवढ्यात माझ्या खांद्यावरून एक हात आला आणि किल्ली फिरली.

बाबा होते. पलंगापासून तिथपर्यंत काठीशिवाय, सदऱ्याची दोन बटणं चुकीची लावलेली. पाच महिने ते शेडच्या दिशेला पाठ करून बसलेत. त्यांनी विचारलं की हे कोणत्या गाढवाने केलं. तिथे गाढव मी एकटाच होतो. मग म्हणाले की मेलेल्या माणसाच्या कानाशी हा आवाज केला तरी तो उठून मारायला येईल. मी वही पुढे केली. त्यांनी अकराही पायऱ्या वाचल्या, बोटाने ओळी मोजल्या, आणि म्हणाले की पिस्टनची दुसरी खेप कुठे आहे यात. मी वहीची पानं उलटू लागलो. तेव्हा म्हणाले की मोठीने हे सांगितलं नसेल असं होणारच नाही, तूच खाल्लं असशील.

ताई, अकरा वर्षांत त्यांच्या तोंडून तुझा उल्लेख मी पहिल्यांदा ऐकला.

इंजिन गार व्हायला हवं होतं. ते घरात परत जायला तयार नव्हते. लाकडी खोक्यावर तीन तास बसून राहिले, चहाही तिथेच घेतला, आणि मधून मधून डावा तळहात इंजिनावर टेकवून बघत होते, ताप बघतात तसा. तेवढ्या वेळात मला दोन व्हॉल्व्ह, एक पिस्टन आणि माझी अक्कल यावर बरंच ऐकायला मिळालं. दुपारी चकती एक फेरा फिरवायला लावली, टॅपेट माझ्या बोटांनी हलवून घेतले. आत घेणारा चांगलाच खुळखुळला, म्हणजे सकाळी पाती जेमतेम गेली होती तिथे आता कितीतरी मोठी फट होती. तो पाचच्या पातीने माझ्याकडूनच करून घेतला.

धूर सोडणाऱ्याला मी तुझी पाती पुढे केली. त्यांनी ती उजेडात धरली, टोकावरची एक बारीक खाच अंगठ्याने चाचपली आणि पाती सदऱ्याच्या खिशात टाकली. कुठून आली, काही विचारलं नाही. मग पेटीतलं गेज मागून घेतलं, चार आणि सहा अशा दोन पात्या बाहेर काढल्या, एकावर एक धरल्या आणि फटीत घालायला गेले. डाव्या हाताने घातल्या, ओढल्या, मान हलवली. म्हणाले की हा हात मुका आहे, याला काही कळत नाही. आणि पात्या उजव्या हातात घेतल्या.

दोनदा सुटून पडल्या. मी उचलून दिल्या आणि मुद्दाम नटाकडे बघत राहिलो. तिसऱ्यांदा अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात त्या राहिल्या. थरथरत होत्या, पण राहिल्या. एक व्हॉल्व्ह व्हायला तासापेक्षा जास्त वेळ लागला. नट मी आवळला, फट त्यांच्या बोटांनी ठरवली. दुसऱ्या किकला सुरू झाली, आणि ती जुनी टिकटिक. काल आणि आज ते स्वतःहून शेडमध्ये गेले. बाईंना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या की चेंडू नाही तर नाही, हे रोज करू द्या.

पाती मात्र त्यांच्या खिशात आहे. गुपचूप परत पाठवण्याचं काही जमेल असं दिसत नाही. मला माफ कर.

आणखी एक सांगायचं आहे. गाळण्याबद्दल लिहितोच आहे तर घालण्याबद्दलही लिहिलं पाहिजे. तुझं प्रत्येक पत्र मी बाबांना वाचून दाखवतो. (या वेळी कृतीचा आणि चोरीचा भाग सोडून.) तू शेवटी कधीच त्यांना नमस्कार लिहीत नाहीस. मी अकरा वर्षं तो माझ्या पदरचा घालून वाचत आलोय. तू गेल्यानंतरचं पहिलं पत्र आलं तेव्हा ते पुढे काही येईल म्हणून वाट बघत होते, तेव्हा तोंडातून निघून गेलं, आणि मग थांबवता आलं नाही. तुझ्या नावावर मी खोटी सही केली असंच झालं हे. रागव, पण कळव.

रागातही लोभ थोडा शिल्लक ठेव.

तुझा,
वहीवाला


दि. १ मार्च

चि. वहीवाल्यास,
अनेक आशीर्वाद.

रागावले नाही. रागावायला सवडच झाली नाही.

तुझं पत्र वाचून मी हातातलं काम ठेवलं, माझ्या गेजमधल्या चार आणि सहाच्या पात्या काढल्या आणि एकावर एक धरल्या. चार आणि सहा किती होतात ते तुला वहीत करून बघायला नको. तुझं कोडं सुटलं. पाती गेल्याचं त्यांना कळलं नाही असं मी समजत होते. त्यांना कळलं होतं, आणि त्यांनी नवी आणलीच नाही. अकरा वर्षं प्रत्येक गाडीला, प्रत्येक वेळी, दोन पात्या जोडून दहा करत राहिले. पात्या आरशासारख्या होईपर्यंत. नवं गेज मिळतं ते दुकान आपल्या शेडच्या समोर आहे, रे. रस्ता ओलांडला की झालं.

ते दर दहा मिनिटांनी येणारं गिऱ्हाईक तेव्हा नेमकं आलं आणि माझ्या तोंडाकडे बघून काही न विचारता परत गेलं. एवढं तरी चांगलं झालं.

हात कसा आहे ते दर आठवड्याला कळव. पाती त्यांच्याकडेच राहू दे.

आणि पुढची ओळ मी लिहिली आहे, तू घातलेली नाही, तेव्हा तशीच वाचून दाखव. ती. बाबांना माझा साष्टांग नमस्कार.

तुझी,
ताई


दि. १९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माझं लांब पत्र मागाहून. सोबत बाबांचं पत्र आहे. उजव्या हाताने लिहिलं आहे, चार सकाळी लागल्या. मी त्यात एकही अक्षर दुरुस्त केलेलं नाही. मला ते किती जड गेलं असेल, तुला कल्पना आहे.

तुझा,
वहीवाला


चि. मोठीस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर वाकडं आहे. लागत नसेल ते सोडून दे.

तुझा नमस्कार पोचला. आधीचे पोचले ते वहीवाल्याचे होते, ते मला पहिल्यापासून माहीत आहे. बाकीचं पत्र तो कागदाकडे बघून वाचायचा आणि नमस्कार माझ्याकडे बघून. म्हटलं, घालतोय तर घालू दे. या वेळी कागदाकडे बघून वाचला.

पाती गेली ते तू गेलीस त्याच दुपारी कळलं.

पाटीचं तू विचारलंस तेव्हा उत्तर द्यायला हवं होतं. पाना तर केव्हाच पुसून झाला होता.

आता कामाचं. चार आणि सहा मिळून दहा होतात हे कागदावर. दोन पात्यांच्या मधे ऑइल राहतं, माप केसभर चुकतं. अकरा वर्षं माझ्या हातचे सगळे व्हॉल्व्ह केसभर ढिले आहेत. गिऱ्हाइकांना कळलं नाही, मला रोज ऐकू यायचं. आपल्या गाडीचा एकदा नीट करायचा आहे. बोटं अजून तेवढी भरवशाची नाहीत आणि वहीवाल्याला हात लावू देणार नाही.

तुझी पाती माझ्या खिशात आहे. पोस्टाने पाठवणार नाही, पातळ वस्तू आहे, वाकेल. येऊन घेऊन जा.

इंजिन गार ठेवतो.

बाबा